हळू बोलण्याचा नेम

कृष्णकांतराव साळव्यांचा आवाज मेकोसाबागेतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. उभी हयात अजनीच्या रेल्वे यार्डात डबे जोडण्या-सोडवण्यात गेली. तिथे इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवला नाही, तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. नोकरी संपली, यार्ड सुटलं, पण आवाज होता तेवढाच राहिला. त्यात त्यांच्या पत्नीला, सत्यवतीबाईंना, ऐकायला कमी येऊ लागलं. मग काय, साळव्यांच्या घरी भाजी कोणती झाली आणि मीठ कशात कमी पडलं, हे गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत कळायचं.

नुसता आवाज मोठा असता तर गोष्ट वेगळी. पण दोनदा सांगून ऐकू गेलं नाही की तिसऱ्यांदा आवाजाबरोबर शब्दही चढायचे. "कान गेले ते गेले, डोकंही गेलं का वं?" असं काहीतरी ते बोलून जायचे आणि बोलून विसरायचे. सत्यवतीबाई शांतपणे पदराला हात पुसत स्वयंपाकघरात जायच्या. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, सहनशीलता पाहावी तर सत्यवतीबाईंची. कृष्णकांतरावांना त्याचा अभिमानही वाटायचा. आपली बायको आहे ती.

त्यांची मुलगी मेघा काटोलला दिलेली. तिने वर्षापूर्वी आईसाठी कानातलं मशीन आणलं होतं. सत्यवतीबाईंनी ते एक-दोन दिवस लावलं, मग म्हणाल्या, "खरखर करते. मले नाही जमत." ते कपाटात गेलं, असं कृष्णकांतराव समजून होते.

यंदा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला तेव्हा पहिल्याच रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी वेगळीच गोष्ट काढली. म्हणाले, दरवर्षी आपण मटण सोडतो, चहा सोडतो. या वेळी कठोर बोलणं सोडून पाहा. बाहेर नको, आधी घरात. प्रभू सौम्य होता, आणि आपण त्याचं नाव घेऊन घरच्या माणसांवर खेकसतो.

कृष्णकांतराव कोणतीही गोष्ट अर्धवट करणारे नव्हते. मटण तर त्यांनी कितीदा हसत हसत सोडलं होतं. त्यांनी त्याच बाकावर बसून मनात नेम धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "सत्यवती, चहा देतं का?"

बाईंची पाठ होती. काही नाही. ते पुन्हा म्हणाले. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळेला बाई वळल्या, तेव्हा नवऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसले. त्यांच्या हातातली चाळणी खाली पडली.

"अजी, काय झालं? बोलता येऊन नाही राहिलं का? हात वर करा बरं! दोन्ही करा!"

लकवा मारला नाही हे पटवून द्यायला कृष्णकांतरावांना दोन्ही हात वर करून उभं राहावं लागलं. शेवटी ओरडूनच सांगावं लागलं, "मी बरा आहो! हळू बोलून राहिलो!"

"काहून?" बाईंनी विचारलं. त्याचं उत्तर ओरडून कसं द्यायचं, ते त्यांना सुचलं नाही.

पुढचे दिवस असेच गेले. हळू बोललं तर तिला ऐकू जाईना, ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोललं तर नेम मोडल्यासारखं वाटे. मग ते जवळ जाऊन, समोर उभं राहून, सावकाश बोलू लागले. त्याने बाई आणखीच बिचकल्या. "डॉक्टरनं काही सांगतलं का तुमाले? माझ्यापासून लपवू नका," असं त्या रोज विचारू लागल्या. कृष्णकांतरावांनी रविवारी पाळकसाहेबांना गाठलं.

"साहेब, मोठ्यानं बोलणं आणि कठोर बोलणं एकच आहे का?"

"एकच नसावं. पण कुठे एकातून दुसरं सुरू होतं, ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही करून पाहा, साळवे. मग मला सांगा."

कृष्णकांतरावांना वाटलं होतं, पाळकाला तरी ठाऊक असेल.

बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा पलीकडच्या गल्लीत सिंधूताईंकडे असायची. सत्यवतीबाई गेल्या आणि त्यांचा चष्मा टेबलावरच राहिला. कृष्णकांतराव तो घेऊन निघाले. सिंधूताईंच्या दाराला पडदा होता, आत प्रार्थना चालली असेल म्हणून ते बाहेरच थांबले. सिंधूताई मुळातच कुजबुजल्यासारखं बोलणारी बाई. ती रडत रडत आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. कान धडधाकट असूनही बाहेर उभ्या कृष्णकांतरावांना ते नीट कळेना. आणि मग सत्यवतीबाई बोलल्या, तितक्याच हळू.

"तिनं माहेरी जातो म्हटलं, तोडून जातो नाही म्हटलं, सिंधूताई. मी तिथंच बसून होतो. तुम्ही जे ऐकलं ते तिनं म्हटलंच नाही."

पडदा वाऱ्याने हलला. सत्यवतीबाईंनी केस मागे सारले होते, आणि कानामागे ते मशीन होतं.

कृष्णकांतराव चष्मा खिशात घालून परत आले. घरी येऊन खिडकीशी बसले. काय झालं ते त्यांना समजत होतं आणि समजतही नव्हतं. तासाभराने बाई गल्लीत दिसल्या. फाटकाशी थांबल्या. मान वाकडी करून कानामागचं काढलं, पर्समध्ये टाकलं आणि मग फाटक उघडलं.

त्यांच्या छातीत जुना आवाज उसळून आला. वर्षभर घसा फोडला मी, आणि तू... पण नेम होता. ओरडायचं नाही, तर करायचं काय? ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई म्हणाल्या, "आता तर बोलणंच सोडलं तुम्ही." तेव्हाही नाही. हे गप्प राहणं सौम्यपणाचं की दुष्टपणाचं, हेही त्यांना कळेना.

शेवटी अंगणात जाऊन त्यांनी मेघाला फोन लावला आणि पाहिलेलं सांगितलं.

मेघा म्हणाली, "बाबा, मले माहीत होतं. तुम्ही घरी असले की आई काढून ठेवते. मशीनमधून तुमचा आवाज लय मोठा येते म्हणे. काढलं की राग येत नाही, उलटं बोलावं वाटत नाही. असंच बरं आहे म्हणे."

"म्हणजे ती शांत राहते ते..."

"ते मी कशी सांगू बाबा? तुम्ही तिलेच विचारा."

फोन ठेवून ते कितीतरी वेळ जांबाच्या झाडाखाली उभे राहिले. सगळं चर्च ज्या बाईच्या सहनशीलतेची उदाहरणं देतं, ती बाई ऐकतच नव्हती. मग ती सहनशीलता होती की नाही? आणि आपण? आपण इतके दिवस कुणाशी हळू बोलत होतो? प्रार्थना करावी म्हणून त्यांनी डोळे मिटले, पण काय मागायचं ते ठरेना.

संध्याकाळी बाई मेथी निवडत बसल्या होत्या. ते समोर पाटावर बसले. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती आणि हळू सांगितली तर पोचणार नव्हती. त्यांनी खुंटीवरच्या पर्सकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे.

बाईंचे हात थांबले. मग उठल्या, पर्स उघडली, मशीन कानात घातलं आणि येऊन बसल्या.

"बोला."

कृष्णकांतरावांनी दोन दिवस मनात घोकलेलं सगळं गेलं.

"काहून?" एवढंच ते म्हणाले.

"मेघानं हे आणलं त्या दिवशी," सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुम्ही अंगणात कूलरवाल्याशी बोलून राहिले होते. मी आत बसून कानात घालून पाहिलं. कित्येक वर्सांनी पहिल्यांदा बाहेरचं आत ऐकू आलं. तुम्ही म्हणून राहिले होते, हिले विचारून काय फायदा, ही तर घरातलं फर्निचर आहे. आणि तो हसला. तुम्हीही हसले."

कृष्णकांतरावांना आठवेना. कूलरवाला आठवत होता, ते वाक्य नव्हतं. म्हटलं असेल, नाही असं ते म्हणू शकत नव्हते.

"सत्यवती, माझं चुकलं. मले माफ..."

"नका!" बाई एकदम ओरडल्या. मेथीची जुडी खाली आपटली. "आता लगेच माफी मागू नका! मागितली की मले द्यावी लागते! वर्सभर गिळलं मी, सारे म्हणते किती गरीब बाई, किती शांत बाई! मी शांत नाही! मले राग येते! तुम्ही हळू बोलायले लागले तर मले आणखीन राग येते, की येवढं सोपं होतं तर आधी काहून नाही बोलले!"

समोरच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. गल्लीने साळव्यांच्या घरातून बाईचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. कृष्णकांतराव उठले नाहीत, गप्प करायलाही गेले नाहीत. त्यांना लाज वाटत होती, आणि मधेच एक विचित्र बरंही वाटत होतं, कसलं ते कळत नव्हतं. खूप वेळाने बाई थांबल्या आणि विखुरलेली मेथी गोळा करू लागल्या. त्यांनीही हात लावला. माफीचं पुन्हा त्यांनी काढलं नाही, आणि बाईंनीही नाही.

ईस्टर आला आणि गेला. बाई आता घरातही मशीन लावत, पण रोज नाही. आज लावलं आहे की नाही हे केसांमुळे दिसत नसे, आणि विचारायचा धीर कृष्णकांतरावांना होत नसे. ते सवयीने जवळ जाऊन बोलत. एकदा दूध उतू गेलं तेव्हा ते जुन्या आवाजात कडाडलेच. बाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत मशीन काढलं आणि ओट्यावर ठेवलं. जेवायच्या वेळी पुन्हा घातलं. हे चांगलं झालं की वाईट, त्यांना ठरवता आलं नाही.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "साळवे, काय निष्कर्ष निघाला?"

"नाही निघाला साहेब," ते म्हणाले. "आधी वाटे, मले समजते. आता तेही वाटत नाही."

घरी जाताना ऊन चढलं होतं. दोघं भिंतीच्या सावलीने चालत होते. मधेच सत्यवतीबाई आपण होऊन बोलू लागल्या. उमरेडला त्या लहान असताना शेजारी एक विणकर होता, तो हातमागावर बसला की आपल्या बकरीशी बोलायचा, आणि तो गप्प झाला की बकरी ओरडायची. कृष्णकांतरावांनी ही गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती. बाई आज ती का सांगत आहेत, यात काही आपल्याला उद्देशून आहे की नुसतीच आठवण, त्यांच्या लक्षात येईना. बाजूने ऑटो गेले, टेम्पो गेले, निम्मे शब्द त्या गोंगाटात बुडाले.

"मग बकरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सांगतो ना," बाई म्हणाल्या. "घाई कायची आहे?"

ते त्यांच्या आणखी जवळून चालू लागले.