काही न करण्यासाठी निवडलेलं गाव

"या चितरान काय हाय ता तू सांग आंदी, मंग माज्या नातवाला इचार!"

रखमाने अंगणवाडीच्या दारातूनच तोफ डागली, तसं मी खिचडीचं पातेलं खाली ठेवलं. मी अंगणवाडीची मदतनीस. भांडण बघायचं तर हात मोकळे असलेले बरे, हे एवढ्या वर्षांत मला कळलंय.

चित्रात लोकरीचे हातमोजे होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं होतं की खाडीचा चिखलसुद्धा तडकत होता. चित्रासमोर रखमाचा साडेचार वर्षांचा नातू, निकेश, जाळ्याचा बोया जमिनीवर गरगरा फिरवत बसला होता. तो बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता. कान तपासून झाले होते, ते चांगले होते. शहरातल्या, सीवूड्सच्या कुठल्याशा संस्थेतून संशोधनाला आलेल्या सोनम मॅडम त्याला चौथ्यांदा गोड आवाजात विचारत होत्या, "ग्लव्हज कुठे आहेत, बाळा?"

"काकू, ही टेस्ट स्टँडर्ड असते. सगळीकडे हेच विचारतात," मॅडम म्हणाल्या.

"सगलीकरं थंडी हाय का?" रखमाने विचारलं.

मॅडमनी हे कुठेच लिहून घेतलं नाही. निकेशला साठापैकी नऊ मार्क मिळाले. बाई वाईट नव्हती, हे मात्र मी खरं सांगते. तिने निकेशच्या आईला, हेतलला, जवळ बसवून समजावलं. अशा पोराला सहा वर्षांच्या आत नीट मदत मिळाली तर तो खूप पुढे जातो, वय निघून गेलं की तेच काम अवघड होतं. हेतलने त्या एका वाक्यावर सतरा पानांवर सह्या केल्या.

मग कॉम्प्युटरने चिठ्ठ्या काढल्या. गावं बारा. सहा गावांत केयूर सर नावाचा शिक्षक येऊन अशा पोरांना शिकवणार, आणि उरलेल्या सहा गावांत वर्षभर काहीच करायचं नाही. आमच्या गावाची निवड काहीच न करण्यासाठी झाली. सरकारने आमच्यासाठी ते आधीपासूनच चालवलं होतं, पण या वेळी ते शास्त्रशुद्ध होतं.

"म्हंजी त्यांना जेवाला वाडाचा नि आमी त्यांच्या तोंडाकरं बगाचा?" दुकानदार तुळशीरामने सभेत विचारलं.

"तुलना गट म्हणतात याला, काका. टेन्शन घेऊ नका. फरक दिसला की वर्षाने सर तुमच्याकडेही येतील."

"नि तवर पोराचा वय थांबल ना?" हेतल म्हणाली. यावर मॅडमनी चष्मा पुसला.

जाताना त्यांनी आमच्या सेविकेला, अरुणाताईंना, बजावलं, "जास्तीचं काही करू नका हं, नाहीतर स्टडी बिघडेल." अरुणाताई वजनं करून, रजिस्टरं लिहून आणि मोबाईलमध्ये फोटो चढवून कायम दमलेल्या असायच्या; जास्तीचं काही करू नका असं सांगणारं माणूस त्यांना प्रथमच भेटलं होतं.

पण कॉम्प्युटरला एक ठाऊक नव्हतं. रखमा मासळी विकते. डोक्यावर पाटी घेऊन ती नऊ गावं फिरते, आणि खाडीपल्याडचं गाव केयूर सरांच्या वाट्याला आलं होतं. सर यायचे त्या मंगळवारी आणि शुक्रवारी रखमाने आपली पाटी थेट तिथल्या अंगणवाडीच्या खिडकीखाली मांडायला सुरुवात केली. मासळी संपली तरी ती उठायची नाही. गिऱ्हाईक आलं तर म्हणायची, "थांब गो, सर शिकवतान."

घरी येऊन सुनेला सांगायची, "त्याच्या डोल्यासमोर बस. त्याला पायजे ता हातान धर नि गप रव. मनात धा मोज. त्यानं आवाज केला का लगेच दे. आपन काय करताव? पोरानं मागाच्या आंदीच तोंडान घास कोंबताव. तो बोलल कनाला?"

"आये, आपन माया करतो ना त्याच्यावर," हेतल रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मंग जरा कमी कर माया. धा आकडं पुरतं कमी कर."

सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पोराच्या जिवाचे. वाटीत एकच सोडा ठेवून हेतल त्याच्यासमोर बसायची आणि दहा मोजायची. तो किंचाळायचा, लोळायचा, तिचा पदर ओढायचा. पहिले दोन महिने तिने दहा मोजता मोजता इतकं रडून घेतलं की सोडे वेगळे खारवायची गरज नव्हती. मग गावही त्यात पडलं. तुळशीराम गोळी हातात धरून निकेशपुढे उकिडवा बसायचा आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. आमच्या गावात एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसरा थांबेल तर शपथ! त्या गावाने दहा आकडे तोंड मिटायला शिकणं, हेच खरं तर संशोधन होतं. पण ते फॉर्मात नव्हतं.

सहाव्या महिन्यात एका सकाळी निकेशने हेतलच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "दी."

हेतलने अख्खी बरणी ओतली त्याच्यापुढे. रखमाने तिला शिव्या घातल्या आणि मग स्वतःच ओट्यावर बसून ढसाढसा रडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

वर्ष भरलं आणि मॅडम तीच चित्रं घेऊन आल्या. निकेशला साठापैकी एकतीस मार्क पडले. मॅडम चमकल्या. "घरी काही विशेष केलंत का?"

अरुणाताईंची नोकरी जाऊ नये म्हणून गावाने आधीच ठरवून ठेवलं होतं. "काय नाय," हेतल म्हणाली. "काय नाय," तुळशीराम म्हणाला. "मना काय मायत? मी मासली इकतंय," रखमा म्हणाली. आमच्या गावाचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

दोन महिन्यांनी मॅडम अहवाल घेऊन आल्या आणि त्या एकमताचं फळ हातात पडलं. बाराही गावांतली पोरं सारखीच सुधारली होती. शिकवलेली आणि न शिकवलेली, फरक शून्य. "म्हणजे मुलं आपोआप सुधारतात," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्यामुळे सर तुमच्याकडे येणार नाहीत. तिथलंही या महिन्यात बंद होईल."

हेतलने निकेशला जवळ ओढलं. पोराला आता कुठे सहा-सात शब्द आले होते. रखमाची खिडकी बंद झाली तर आठवा कुठून आणायचा?

रखमा उठली. "मॅडम, आपोआप भरती येते. पोरगा बोलत नाय. आमी खोटा बोललाव. मी त्या खिरकीखाली बसून सगला चोरलाय. अरुनाला काय मायत नव्हता, तिचा नाव घेव नका."

"पण बाकीच्या पाच गावांतली मुलं कशी सुधारली?"

"तिकरं पन मी जातंय ना मासली इकाला. जिथं असा पोरगा दिसला तिथं पाटी उतरवून त्याच्या आयशीला सांगला. एका गावान मी नाय जात, तिकरं माजी बहीन हाय."

मॅडम मटकन पोरांच्या छोट्या खुर्चीत बसल्या. "काकू, तयारीपासून धरून माझी तीन वर्षं! तुम्ही सगळा डेटा बिघडवलात."

"डेटा बिगारला, पोरा सुदारली. आता काय ता लिवा."

बराच वेळ त्या कागद चाळत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि मला धास्ती वाटली. शिकलेल्या माणसाचा चेहरा असा उजळला की गरिबाला सही करावी लागते.

"काकू, आपण नवीन स्टडी करू! केयूर सर तुम्हाला नीट ट्रेनिंग देतील. सहा गावांत तुम्ही शिकवायचं, सहा गावांत वर्षभर तोंड बंद ठेवायचं. फक्त इथे अंगठा द्या."

रखमाने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"सर बाराच्या बारा गावांन येतील. मी त्यांच्यासंगं जाईन, फुकट जाईन."

"मग तुलना कोणाशी करायची, काकू?"

"तुमच्या सीवूड्सच्या पोरांशी करा ना. त्यांना वरीसभर काय शिकवू नका, नि किती मार्क परतान ता मना येऊन सांगा."

मॅडमनी कागद परत घेतला, 'सहा' खोडलं आणि 'बारा' लिहिलं. मग रखमाने अंगठा दिला.