खडा मोडला त्याची गोष्ट

"मॅडम, घड्याळ, चाव्या, सगळं काढून ठिवा. चुंबक चालू हाय," असं म्हणत इंद्रभानने द्रव नायट्रोजनचं कॅन फरशीवर अलगद टेकवलं. कॅनच्या तोंडातून पांढरी वाफ सांडत होती.

साधना मॅडम निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, त्यांच्या प्रयोगशाळेचा शिपाई इंद्रभान सहा वर्षांपूर्वीच घरी बसला होता. जालन्याच्या त्यांच्या कॉलेजातलं जुनं यंत्र उद्या भंगारात जाणार, म्हणून दोघे शेवटचं एक रीडिंग घ्यायला आले होते. प्राचार्यांनी दुपारपर्यंत परवानगी दिली होती, तीही उपकार केल्यासारखी.

"नायट्रोजन कुठून आणलंत?"

"जनावराच्या दवाखान्यातनंच की, बैलाचं बीज गोठवून ठिवत्यात न्हवं त्यात. आपून तिथूनच आणायचो न्हाई का? डॉक्टर दर टायमाला इचारायचे, तुमच्या मॅडमची गाय आजून गाभण न्हाई का राह्यली?"

"हे कधी सांगितलं नाहीत!" मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

काय दिवस होते ते! हसनाबादच्या धनगराचा पोरगा इंद्रभान, कसाबसा दहावी झालेला, इथे शिपाई म्हणून लागला होता. मॅडमचं संशोधन ऐन भरात होतं. त्यांनी तांब्याच्या क्षाराचे निळे खडे वाढवले होते. त्यात अणू एकाच रांगेत उभे, प्रत्येक अणू म्हणजे इवलंसं चुंबक. एकाला धक्का लागला की तो रांगभर पोचतो, असं मॅडमनी समजावल्यावर इंद्रभान म्हणाला होता, "म्हंजे बांधावरनं जाणारी मेंढरं." पुढे मॅडम दर वर्षी वर्गात हेच सांगत आणि दाराआड उभा इंद्रभान उगाच फुगून जाई.

खडा गार करून चुंबकात ठेवायचा, त्यावर लहरी सोडायच्या, चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. नेमक्या जोराला अणू डोलू लागत आणि यंत्राचं पेन कागदावर एक उंच रेघ काढी. एके दिवशी मात्र एकीऐवजी दोन रेघा आल्या. मॅडम हरखून गेल्या, परिषदेत निबंध वाचून आल्या. पण दुसऱ्या कुठल्याच खड्यात ती जादा रेघ दिसेना. जाणकार हसले. मॅडमनी संशोधन सोडलं आणि नुसतं शिकवत राहिल्या.

"इंद्रभान, आज दिसतील का हो दोन रेघा?" मॅडमनी सहज विचारलं.

एकतीस वर्षं मनात दडवलेलं आज नाही सांगितलं तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

"न्हाई दिसणार मॅडम. तवा खडा माझ्या हातनं मोडल्ता. नायट्रोजननं बोटं गारठल्ती. कोकराचा पाय मोडला की आमच्यात काडी लावून बांधतेत, तसाच ग्रीस लावून, दोरा गुंडाळून बांधला आन् गुपचूप यंत्रात बसवला. नौकरी कच्ची व्हती. हिंमतच न्हाई झाली."

मॅडम स्टुलावर बसल्या.

"दोन तुकडे," त्या पुटपुटल्या. "एक जरासा तिरका बसला असणार, त्याचे अणू वेगळ्या जोराला डोलले. म्हणून दोन रेघा." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "एकतीस वर्षं मी माझ्याच डोक्याला दोष दिला, इंद्रभान."

"शिव्या द्या मॅडम. बिलकुल द्या."

"देणार आहेच. राग आलाय मला, फार आलाय. आधी खडा बसवा."

बाटलीत त्या वेळचा एक खडा उरला होता. इंद्रभानने तो चिमट्याने उचलला आणि श्वास रोखून बसवला. पेन सरकत गेलं, उंच उठलं, खाली आलं. एकच रेघ, स्वच्छ.

मॅडमनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. दोन रेघांच्या आलेखाशेजारी लिहिलं: खडा मोडलेला होता. खाली आजची तारीख, आजचं रीडिंग. मग प्रयोग करणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून वही त्याच्याकडे सरकवली.

"सही करा."

"म्या? मी तं शिपाई."

"आजचा खडा कुणी बसवला?"

इंद्रभानने हात सदऱ्याला पुसला आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. त्याचं होईपर्यंत मॅडम जुन्या आलेखावरच्या त्या दुसऱ्या रेघेवरून बोट फिरवत होत्या.