घारमाणसाच्या पिंडाला कावळा

घारमाणूस मेला की जगला, यावर हितेंद्रचं लग्न अडलं होतं. हसू नका. लालबागेत याहून क्षुल्लक कारणांनी लग्नं मोडली आहेत. एकदा तर सोलकढीत लसूण जास्त पडली म्हणून वरात अर्ध्या वाटेतून परत फिरली, घोडा तेवढा जेवून गेला.

मुलगी दर्शना. तिचे वडील दगडूकाका बेस्टमधून रिटायर झाले, तेव्हापासून सिनेमातला घारमाणूस हेच त्यांचं दैवत. त्याचे पहिले दोन भाग त्यांनी इतक्या वेळा पाहिले की थिएटरवाले त्यांना विचारून इंटरव्हल करायचे. मग तिसरा, शेवटचा भाग आला आणि घोळ झाला. घारमाणूस बॉम्ब पोटाशी धरून समुद्रावर उडाला. लांब कुठेतरी धडाम! मुंबई वाचली. आणि मग एकदम कुठल्याशा चाळीची गॅलरी, दोरीवर त्याची पाठीवरची लाल झूल वाळत घातलेली, पाणी ठिबकतंय. झूल काढायला एक हात पुढे येतो... आणि अंधार. खेळ खलास.

हितेंद्र गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो दर्शनाला मागणी घालायला आला, तर चहाच्या आधी प्रश्न आला.

“तिसरा भाग बघितलास?” दगडूकाका म्हणाले.

“हो काका.”

“मग बोल. जिवंत की मेला?”

“नीट विचार करून सांग हो,” आतून मीराबाई म्हणाल्या. दर्शनाची आई. आवाजात लाटणं होतं.

हितेंद्रने दर्शनाकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला.

“अरे, सरळ आहे!” काकांना दम निघेना. “झूल न पिळता वाळत घातलीय. कुठली बाई असं धुणं घालील? त्याने स्वतः धुतलीय. जिवंत!”

“काहीतरीच!” मीराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “माणूस गेला की त्याचे कपडे धुतात. रडत रडत पिळायला ताकद असते होय कुणाच्या मनगटात? गेला बिचारा.”

“तसं बघितलं तर,” हितेंद्र हसून म्हणाला, “दोघांचंही बरोबर आहे.”

झालं! तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्या नवरा-बायकोचं पहिल्यांदाच एकमत झालं.

“दोन डगरींवर पाय ठेवणारा जावई नको!” काका कडाडले.

“उद्या मुलीलाही सांगेल, तुझंही बरोबर, माझ्या आईचंही बरोबर,” मीराबाई म्हणाल्या. “दोघांना पटेल असं एक उत्तर आण. नाहीतर जिन्याने उतर.”

शेजारच्या सुंदराबाई साखर मागायला आल्या होत्या. म्हणजे वाटी भरलेलीच होती, पण ऐकायला कारण हवं. “त्यात काय एवढं? कावळ्याला विचारा! पिंड ठेवा. शिवला तर मेला, नाही शिवला तर जिवंत.”

गच्चीवर अख्खी चाळ लोटली. केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला. घारमाणसाला आवडायचा म्हणून शेजारी वडापाव. टाकीवर कावळे हारीने बसलेले. एरवी हेच कावळे बोलणाऱ्याच्या तोंडातून घास पळवतात, एकाने तर म्हणे सुंदराबाईंची कवळी नेऊन घरट्याला लावली. पण आज एक खाली उतरेल तर शपथ.

“बघा! जिवंत!” काकांनी टाळी मारली.

“इच्छा राहिली असेल,” मीराबाई म्हणाल्या. “इच्छा राहिली की कावळा शिवत नाही.”

“आणि कावळ्याचं न् घारीचं जन्माचं वैर,” सुंदराबाई म्हणाल्या. “तो शिवेलच कसा?”

मग लोक इच्छा पुरवायला लागले. कुणी हात जोडून म्हणालं, “बाबा रे, तुझ्या म्हातारीला आम्ही बघू.” कुणी म्हणालं, “चौथा भाग काढतील हो!” कावळ्यांनी चौथ्या भागाकडे पाठच फिरवली.

हितेंद्रचे पाय जिन्याकडे वळायला लागले. तेवढ्यात त्याला एक गंमत दिसली. दर्शना मघापासून पानाजवळच उभी होती आणि तिची पिवळी ओढणी वाऱ्यावर फडाफडा उडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओढणी गच्च कमरेला खोचली, चार पावलं मागे सरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “घारमाणसा, काळजी करू नकोस! दर्शनाचं लग्न आम्ही हितेंद्रशीच लावून देऊ!”

“अगो, त्याचो काय संबंध?” रागाने काका थेट मालवणात पोचले.

पण वाक्य संपायच्या आत काळं काहीतरी सपकन खाली आलं, पानावर आपटलं आणि उडालं.

“शिवला!” गच्ची गरजली.

मीराबाईंनी डोळे पुसले. “पोरीच्या लग्नात जीव अडकला होता गो त्याचा! दिलेला शब्द आता फिरवायचा नाही हां. कावळा उलटला तर सात पिढ्या टोचेल.”

कावळ्याला दिलेला शब्द! काकांनी टाकीकडे बघून हात जोडले. लग्न ठरलं. सुंदराबाईंनी वाटीतली साखर तिथल्या तिथे वाटून टाकली.

मग काकांची नजर पानावर गेली. भाताचा गोळा जसाच्या तसा, गोल गरगरीत. वडापाव तेवढा गायब.

“थांबा! भाताला कुठे शिवलाय? वडापाव तर जिवंत माणसाचाही पळवतात. जिवंत आहे तो!”

“पानाला शिवला म्हणजे शिवला! गेला तो!”

“जिवंत!”

“गेला!”

दोघंही एकदम हितेंद्रकडे वळली. “जावईबापू, तुम्ही समोरच होता. सांगा, कशाला शिवला?”

हितेंद्रने शांतपणे चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि खिशात ठेवला.

“नंबर वाढलाय हो,” तो म्हणाला. “मला कावळाच दिसला नाही.”