चूक ठरवलेली आकृती

चित्रकलेच्या वर्गाची वेळ झाली, की मास्तरांची विधवा बहीण मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. घरातला दंडकच होता तो. मुलींना सोडायला येणाऱ्या आयांना सकाळी सकाळी तिचं तोंड दिसलेलं खपत नसे. मास्तरांनाही खपत नसे. तिच्या हातचा चहा आणि तिच्या हातची चित्रं मात्र बिनबोभाट चालत.

रेखाटनाच्या मूलतत्त्वांवरचं मास्तरांचं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं. त्यातल्या साऱ्या आकृत्या या बहिणीच्या, ताईच्या. भावाच्या जुन्या वह्या चाळून ती रेघ, आकार, छायाप्रकाश स्वतःच शिकली होती. नाव मात्र एकट्या मास्तरांचं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्या दिवशी शिंप्याच्या मुलीने पुस्तक पुढे केलं.

"मास्तर, काचेचा पेला वरखाली सारखाच असतो ना? मग इथे काठ चपटा आणि बूड जास्त गोल कसं?"

मास्तरांनी पान न्याहाळलं, घसा खाकरला. उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं.

"चूक आहे ती. आमच्या ताईला नुसती नक्कल करायला दिली होती, तर तिने घाण करून ठेवली. खोडा, आणि दोन्ही सारखे करा."

दाराआड ताईने ते ऐकलं. चोरी तिने गिळली होती, पाठचा भाऊ म्हणून. आता चोराच्या उलट्या बोंबाही ऐकायच्या? समोर त्याचा उष्टा कप पडला होता. त्याच्याकडे पाहताना तिला भावाची किळस आली. इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या स्वतःची त्याहून जास्त.

फळीवरचा काचेचा पेला उचलून ती थेट वर्गात आली. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईने झटकन आपल्या लेकीचे डोळे झाकले.

ताईने पेला डोळ्यांसमोर धरला. "काठ कसा दिसतो?"

"नुसती रेघ!"

"आता खाली नेते."

"गोल होत चालला!"

"बूड काठाच्याही खाली असतं, म्हणून अजून गोल. आकृती बरोबर आहे. कुणी खोडू नका."

"आत हो आधी!" मास्तर दातओठ खात म्हणाले. "माझं खातेस आणि माझीच शोभा करतेस?"

"खाते ते राबून, भाऊ. पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या आकृत्या आता तूच काढ."

त्याच आठवड्यात तिने घर सोडलं. शिंप्याने दुकानामागची खोली दिली, तिथे वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मुली आल्या तीनच. त्यातल्या धाकटीला तिच्या आईने तोंड फिरवूनच आत ढकललं आणि स्वतः चालती झाली.

पोर मान खाली घालून बसली. "आई म्हणते, तुमच्याकडे बघायचं नाही."

ताईने तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि खिडकीच्या उजेडात स्टूल ओढून ती बसली.

"मग आज मलाच काढ," ती म्हणाली. "चेहरा काढायचा तर बघावंच लागतं."