पाचशे युनिटांची शिलाई

विजेचं बिल वाढलं की घरात आधी कुणाची मान पकडली जाते, हे का मंडळी तुम्हाला सांगायला हवं? या घरात पकडली गेली सूनबाईची. तिने मोटरवालं शिलाई मशीन घेतलं होतं, आणि थंडी सुरू होता होता गल्लीतल्या बायका तिच्याकडे मापं द्यायला येऊ लागल्या होत्या. तेवढ्यात हे बिल आलं.

नवरा बँकेत अधिकारी. त्याने उभ्या उभ्याच हिशेब केला. "शंभर वॉटची मोटर, रोज पाच तास. म्हणजे रोजची पाचशे युनिटं! छे, मशीन उद्याच विकून टाकू."

सूनबाईचं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं काही उभं राहत होतं. तिचे डोळे भरून आले.

सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मटार सोलता सोलता त्या खो खो हसत सुटल्या.

"अरे शहाण्या, पाचशे युनिटांत अख्खी गल्ली उजळेल! आणि तू गं, रडतेस काय? हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट होतं. आता कर बघू हिशेब."

सूनबाईने डोळे पुसले. "शंभर गुणिले पाच, पाचशे वॉट-तास. त्याला हजाराने भागायचं... अगंबाई! अर्धंच युनिट?"

"मग बिल वाढलं कशाने?" नवऱ्याचा आवाज उतरला.

"तुझ्या रॉडने! थंडी पडल्यापासून दीड हजार वॉटचा रॉड बादलीत सोडून फिरायला जातोस. तासाभराने येतोस तोवर पाणी उकळलेलं, मग त्यातच गार पाणी ओततोस! सूनबाई, सांग याला."

"दीड युनिट," सूनबाई ताठ बसत म्हणाली. "माझ्या दिवसभराच्या शिलाईच्या तिप्पट!"

"बाईच्या कामाची खडखड लगेच कानाला टोचते रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझा रॉड गुपचूप खातो, म्हणून तो साव!"

नवरा खजील झाला. पण माणूस मोकळ्या मनाचा. "चुकलो बुवा," तो म्हणाला. "मशीन कुठेही जाणार नाही."

संध्याकाळी शेजाऱ्यांनी बिलाचा विषय काढला, तेव्हा स्वारी छाती फुगवून म्हणाली, "आमच्या हिला विचारा! कपडे शिवते तशी हिशेबाची उसवणही शिवून देते!" आत सूनबाईने ते ऐकलं आणि तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

नागरिकहो, घरातल्या बाईच्या कष्टाला उधळपट्टी म्हणण्याआधी एकदा हजाराने भागून बघा. ज्या माणसाचा अभिमान धरायचा, त्याच्यावरच आपण बोट ठेवत असतो!