वरच्यासारखंच

वहीत २१२ नोंदी होत्या: १७४ आकडे, आणि ३८ ठिकाणी नुसत्या दोन छोट्या उभ्या रेघा. आईचं रोज सकाळचं वजन. बाबांचा उभा जन्म गोदामात साठा लिहिण्यात गेला होता. वरचीच संख्या पुन्हा आली की ते दोन रेघा ओढून मोकळे होत. म्हणजे, वरच्यासारखंच.

आई जाऊन महिना झाला होता. लेकीला एवढंच पाहायचं होतं: ती परीक्षेसाठी परगावी अडकली, तेव्हा आई खरंच बरी होती का. रोज सकाळी ती फोन करायची आणि बाबा म्हणायचे, "कालच्यासारखंच आहे. तू अभ्यास कर."

तिने वही संगणकावर उतरवून 'आर' या आकडेवारीच्या प्रणालीत उघडली. त्या रेघांमुळे आरने वजनाचा अख्खा रकाना मजकूर धरला आणि आलेख काढायला साफ नकार दिला. मग तिने प्रत्येक रेघेच्या जागी वरचा आकडा भरला. उभा अक्ष शून्यापासून ठेवला, तर रेष जवळजवळ सपाट दिसली. तिला हायसं वाटलं. पण सवयीने तिने अक्ष चाळीस ते पंचावन्नपर्यंत आवळला, आणि सलग अडतीस रेघा संपताच, १८९व्या नोंदीला, रेष कड्यावरून पडावी तशी कोसळली.

बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत होते.

"बाबा, एका रात्रीत साडेसात किलो कुठे गेले?"

"तुझं यंत्र चळलं असेल."

"यंत्र ठीक आहे. त्या अडतीस दिवसांत वजनकाटा काढला होता का?"

एक दाणा घरंगळत फरशीवर गेला. बाबांनी तो उचलला नाही.

"तिला उभंच राहता येत नव्हतं गं. पुढे दवाखान्यात खुर्चीचा काटा मिळाला."

"आणि मला रोज सांगत होतात..."

"तिनेच बजावलं होतं. पोरीची परीक्षा होईपर्यंत चकार शब्द काढाल तर याद राखा, म्हणाली." त्यांनी पुढची शेंग उघडली. "जन्मात खोटा आकडा लिहिला नाही मी. तिथेही नाही लिहिला. रेघा ओढल्या."

ती परत खुर्चीवर येऊन बसली. भरलेले अडतीस आकडे तिने पुसले आणि त्या जागा 'नोंद नाही' म्हणून रिकाम्या सोडल्या. रेष मधोमध तुटली. दोन टोकं जोडायची आज्ञा तिला येत होती; ती तिने दिली नाही. आलेखाखाली तिने लिहिलं:

नोंद १५०: ५१.२ किलो. नोंद १८९: ४३.६ किलो. मधले दिवस: ३८.