सुंदराबाईंचा होकार

सुंदराबाईंच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता. लकव्यानं उजवा हात नेला, उजवा पाय नेला, सगळी भाषा नेली. मागे ठेवला तो फक्त ‘हो’. असा पेशंट मिळायला नातेवाइकांचं नशीब लागतं!

“आई, घरी एकटीले तुले जमत नाई. अकोल्याच्या वृद्धाश्रमातच ठेवतो आता. चालन ना?” संघपालनं विचारलं.

नाही रे बापू, नाही! सुंदराबाई आतल्या आत जिवाच्या आकांतानं ओरडल्या. नांदगाव पेठेतलं माझं घर, दारचा शेवगा, भिंतीपलीकडची कौशल्या... तोंडातून बाहेर पडलं, “हो.”

“पाहा डॉक्टरसाहेब, आईची काईच हरकत नाई.”

डॉक्टर जबाबदार माणूस. त्यांनी स्वतः पुन्हा विचारलं. पुन्हा ‘हो’. सुंदराबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं.

“समाधानाचं रडू आहे,” डॉक्टर म्हणाले. गाडी सांगून झाली. आता घराला कुलूप लागणार, आणि मरेपर्यंत आपण त्यालाही ‘हो’च म्हणणार, हे सुंदराबाईंना लख्ख दिसलं.

वॉर्डातल्या सिस्टरला मात्र शंका आली. सकाळी या बाईंनी ‘हो’ म्हणत जेवणाचं ताट ढकललं होतं. तिनं परवीनला फोन केला. बोलता न येणाऱ्या पेशंटची बाजू मांडणाऱ्या एका संस्थेत परवीन काम करायची. ना दवाखान्याची नोकर, ना कुणाची नातलग.

“तुमी कोन?” संघपालनं विचारलं.

“मी मावशीकडून.”

“मंग आमी कोनाकडून आहो?”

“तुमी तुमच्याकडून. सोयरिकीत पोराकडले येतात, पोरीकडले येतात. इथं समदे आले दादा, पेशंटकडून कोनीच नाई आलं.” ती खाटेवर वाकली. “मावशी, आश्रमात जायचं?”

“हो.”

“घरी जायचं?”

“हो.”

“अन् चंद्रावर?”

“हो.”

डॉक्टर उगाच खोकले.

“होकार तर पक्का आहे, दादा. आता कुठं पाठवता?”

तिनं संघपालचा मोबाइल मागून घेतला, त्याला बाहेर पाठवलं आणि डॉक्टरांना साक्षीला ठेवलं. तिच्या मोबाइलवर आश्रमाचा फोटो, संघपालच्यावर घराचा. दोन्ही चादरीवर ठेवले. “डाव्या हातानं दाखवा, मावशी.”

डावा हात घरावर पडला. परवीननं मोबाइलांची अदलाबदल केली. हात पुन्हा घरावर! तिसऱ्या वेळी सुंदराबाईंनी घराचा मोबाइल छातीशीच धरला आणि सोडला नाही.

संघपाल आत आला, आईनं छातीशी धरलेला मोबाइल त्यानं पाहिला. “पन घरी तिचं करन कोन? मले ड्युटी आहे ना!”

“तो सवाल खरा आहे. शेजारनीले विचारू, डॉक्टरसंग बसू. जमन, नाईतर नाई बी जमनार. पन मावशीले वगळून ठरवनं बंद!”

“म्या तिले कितीदा विचारलं हो...”

“विचारलं तुमी. तिले ‘नाई’ म्हनता येते का, ते नाई पाहिलं.”

संघपालनं गाडी रद्द केली. दुपारी त्यानं सवयीनं विचारलं, “आई, चहा पायजे?”

“हो.”

तो निघाला आणि दारातच थबकला. परत आला तेव्हा एका हातात चहा होता, दुसऱ्यात पाणी. त्यानं दोन्ही आईपुढे धरले. डावा हात पाण्याकडे गेला. संघपाल खाटेच्या पायथ्याशी बसून लेकरासारखा रडला.

वाचकहो, कुणाचा ‘हो’ पदरात पाडून घेण्याआधी त्याला ‘नाही’ म्हणता येतं का, एवढं बघा! येत नसेल, तर ज्याचा त्या निर्णयात काही फायदा नाही असं एक माणूस त्याच्या बाजूला उभं करा. उद्या आपल्याही तोंडात एकच शब्द उरू शकतो. आणि तो कोणता, हे आपल्याला कुणी विचारणार नाही.